वाळूचा कण आणि कॅमेऱ्याचा सांधा

कॅमेऱ्याचा इतिहास आपण बहुधा लेन्स, फिल्म आणि सेन्सर यांच्या प्रगतीच्या अंगाने वाचतो. वाळूच्या अंगाने तो फारसा कुणी वाचत नाही, आणि म्हणूनच एक समजूत सहज रुजली आहे. पूर्वीचे कॅमेरे नाजूक होते, समुद्रकिनाऱ्यावरून किंवा वाळवंटातून परतल्यावर त्यांची तासन्‌तास साफसफाई करावी लागे. आता रबरी सील आले, धूळरोधक आणि जलरोधक शिक्के आले, त्यामुळे ती जुनी सवय कालबाह्य झाली, अशी ही समजूत. पुरावा मात्र वेगळेच सांगतो. कॅमेरा हे मुळात पूर्ण बंद न करता येणारे यंत्र आहे. त्यात प्रकाश शिरावा लागतो, लेन्स पुढेमागे सरकावी लागते, प्लेट, फिल्म किंवा कार्ड बदलावे लागते, बटण दाबावे लागते. यातल्या प्रत्येक कामासाठी कुठे ना कुठे सांधा ठेवावा लागतो आणि वाळू आत जाते ती सांध्यातूनच. गेल्या पावणेदोनशे-एकशे ऐंशी वर्षांत कारखान्यांनी एकेक सांधा बुजवला, पण दर वेळी नवा सांधा निर्माण झाला आणि तो जपण्याचे काम वापरणाऱ्याच्या हाती आले. साफसफाईची शिस्त कधीच संपली नाही. तिची जागा बदलत गेली आणि चुकीची किंमत वाढत गेली.

हे तपासायचे तर आधी वाळू नीट ओळखायला हवी, कारण किनाऱ्यावरची सगळी वाळू एका जातीची नसते. तिच्यातला सर्वांत उपद्रवी घटक म्हणजे क्वार्ट्झ. फ्रीडरिश मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये मांडलेल्या काठिण्याच्या श्रेणीत क्वार्ट्झ सातव्या क्रमांकावर येते, तर लेन्सची काच साधारण पाच-सहाच्या आसपास. त्यामुळे क्वार्ट्झचा कण काचेवर दाबून फिरला तर ओरखडा काचेवर उठतो. शंखशिंपल्यांचा चुरा त्या मानाने मऊ. तो काचेला फारसा चरत नाही, पण बारीक फटीत जाऊन घट्ट बसतो. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर इल्मेनाइटची काळी वाळू सापडते आणि तिच्यासोबत मॅग्नेटाइटही असते. हे कण लोहचुंबकाकडे ओढले जातात. चौथा घटक वाळूचा नसला तरी तिच्यापासून वेगळा काढता येत नाही, तो म्हणजे मीठ. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते, आणि धातूवर गंज चढवणारा ओलावा तिथेच मुक्काम करतो. ओरखडणारे, अडकणारे, चिकटणारे आणि गंजवणारे असे हे चार शत्रू आहेत. प्रत्येकाचा उपाय निराळा, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याच्या बाबतीत घातक ठरू शकतो.

छायाचित्रणाच्या पहिल्या काही दशकांत कॅमेरा ही जवळजवळ उघडीच पेटी होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेच्या प्लेटवर कलोडियन ओतायचे, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून प्रकाश द्यायचा आणि लगेच डेव्हलप करायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. चिकट, ओल्या थरावर धुळीचा कण बसला की तिथे डाग किंवा छिद्र ठरलेले. फ्रान्सिस फ्रिथ १८५६ पासून इजिप्तमध्ये छायाचित्रे काढत हिंडले तेव्हा सोळा बाय वीस इंचांच्या प्लेटचा अजस्र कॅमेराही त्यांच्यासोबत होता. तंबूतल्या उष्णतेत काचेवर ओतलेले कलोडियन उकळू लागल्याचे त्यांनी नोंदवले आहे. कलोडियनमधला ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळतो, हे ध्यानात घेतले की त्यात नवल वाटत नाही. फ्रिथ यांनी थडग्यांच्या आणि गुहांच्या थंड अंधारात प्लेट तयार केल्या, आणि त्यामागे उष्णतेइतकीच धुळीचीही काळजी होती. टिमथी ओसलिव्हन यांनी १८६७ मध्ये क्लॅरन्स किंग यांच्या भूगर्भीय पाहणीसाठी अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळूच्या टेकड्यांवर घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात वाळूवर खेचरांची गाडी उभी आहे आणि ती गाडी म्हणजेच त्यांची फिरती डार्करूम. वाळवंटाच्या मधोमध धूळविरहित अंधारी खोली बांधून नेणे, हीच त्या काळची कॅमेरासंरक्षणाची पद्धत होती.

या काळाचे एक वैशिष्ट्य सहसा नजरेतून सुटते. धोका प्लेटला होता, यंत्राला फारसा नव्हता. कॅमेऱ्यात शटर नव्हते. लेन्सवरचे झाकण हाताने काढायचे आणि मोजून परत लावायचे. लाकडी पेटी, पितळी नळीतली लेन्स, मागे धुरकट काच, एवढाच सरंजाम. वाळू आत गेली तर पेटी उलटी करून झटकता येई, लेन्सचे भाग फिरवून सुटे करता येत, सगळे पुसून पुन्हा जोडता येई. सांधे मोठे होते, डोळ्यांना दिसणारे आणि बोटांना पोहोचणारे. एका कणाने होणारे नुकसान एका प्लेटपुरते मर्यादित राही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले गृहस्थ तिच्यात सक्रिय होते. त्या पिढीच्या हातात कागदी निगेटिव्ह आणि काचेच्या प्लेट अशी दोन्ही तंत्रे होती, आणि ती दोन्ही समुद्राकाठच्या दमट शहरात चालवायची होती. रसायन स्वतः तयार करणाऱ्या, काच स्वतः घासून पुसणाऱ्या माणसाला साफसफाई हे वेगळे काम वाटतच नसे. चित्र काढण्याच्या क्रियेत ती गुंफलेली होती, आणि ज्याला ती येत नसे त्याला चित्रही काढता येत नव्हते.

जिलेटिनच्या कोरड्या प्लेट बाजारात आल्या आणि हा मेळ सुटू लागला. प्लेट आता कारखान्यातून तयार येई, त्यामुळे सारे लक्ष पेटीकडे वळले. उष्ण कटिबंधातल्या वसाहतींमध्ये जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि प्रवाशांसाठी ब्रिटिश कारखान्यांनी सागवानी कॅमेरे बनवले, ज्यांना ‘ट्रॉपिकल’ म्हणत. लंडनच्या हौटन कंपनीचा सँडरसन ट्रॉपिकल हा त्यातला एक नामवंत. दमट हवेत सरस सुटतो आणि लाकूड फुगते, म्हणून सांध्यांवर पितळी पट्ट्या बसवून स्क्रू मारलेले. साग निवडला तो ओलावा आणि कीड सोसतो म्हणून. सांधा मजबूत करण्याचा हा पहिला सुसंघटित प्रयत्न होता आणि लाकडापुरता तो यशस्वीही झाला. पण त्याच कॅमेऱ्याला घडीची चामडी भाती होती. भाती उघडली की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिटली की बाहेर फेकली जाते. हवेबरोबर धूळ आत येते, परतीच्या वाटेवर ती सगळी बाहेर पडत नाही, घड्यांच्या कोपऱ्यांत साठते आणि पुढच्या उघडझापीत प्लेटवर उतरते. लाकडाचा सांधा बुजला, तर हालचालीचा सांधा पुढे आला. आजच्या झूम लेन्सची नळी पुढे सरकते तेव्हा नेमके हेच घडते. फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये या प्रश्नाला फार धाडसी उत्तर दिले. त्यांचा पहिला कोडॅक २५ डॉलरला मिळे आणि त्यात शंभर चित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली की सबंध कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. तिथे फिल्म काढून, चित्रे तयार करून, नवी फिल्म भरून दहा डॉलरमध्ये तो परत येई. वापरणाऱ्याने पेटी उघडायचीच नाही, म्हणजे वाळू आत जाण्याची मुख्य वाटच बंद. कॅमेऱ्याची साफसफाई ग्राहकाच्या आयुष्यातून वजा करण्याचा हा इतिहासातला पहिला मोठा प्रयोग. पण कॅमेरा कित्येक दिवस अडकवून ठेवणारी ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. उजेडात भरता येणारी फिल्म १८९१ मध्ये आली आणि पेटी उघडण्याचा अधिकार ग्राहकाला परत मिळाला. सन १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला तेव्हा तर तो अधिकार लहान मुलांच्याही हाती गेला. कोडॅकने सुट्टी आणि सहल यांना छायाचित्रणाशी जोडले होते, त्यामुळे पेटी आता किनाऱ्यावरच उघडली जाऊ लागली, आणि तीही ज्याला साफसफाई शिकवलेली नाही अशा माणसाकडून. बंद पेटीने जी शिस्त अनावश्यक ठरवली होती तिची गरज याच वेळी सर्वाधिक होती.

लायका १९२५ मध्ये बाजारात आला आणि पस्तीस मिलिमीटर फिल्मचे युग सुरू झाले. यंत्र लहान झाले, अचूक झाले आणि त्याच प्रमाणात असहिष्णूही झाले. फिल्म आता एका अरुंद खिडकीसमोरून घासत पुढे सरकत होती. त्या खिडकीच्या कडेला एक कण अडकला की सबंध रोलवर सरळ रेघ उमटते, आणि एका प्लेटचे नुकसान छत्तीस चित्रांवर पसरते. सिनेमाच्या कॅमेऱ्यात धोका याहून मोठा, कारण तिथे शेकडो फूट फिल्म त्याच खिडकीसमोरून जाते. म्हणून शॉट संपल्यावर कॅमेऱ्याचे गेट, म्हणजे हीच खिडकी, तपासायचे आणि ते स्वच्छ असल्याशिवाय पुढच्या शॉटला जायचे नाही, हा दंडक जगभरच्या सेटवर रुजला. गेट तपासण्याला फक्त काही सेकंद लागतात, पण ती न दिल्यास दिवसभराचे काम वाया जाऊ शकते. वाळूविरुद्धच्या शिस्तीचे हे सर्वांत प्रगल्भ रूप म्हणावे लागेल, कारण इथे सफाई हा कामानंतरचा उपचार राहिला नाही. ती कामाच्याच क्रमात बसवली गेली आणि ती कुणी करायची हेही ठरले.

कॅमेरा उघडण्याचा क्षण किती धोक्याचा असतो याचा सर्वपरिचित दाखला ६ जून १९४४ चा आहे. छायाचित्रकार रॉबर्ट कापा कॉन्टॅक्स कॅमेरे घेऊन नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर सैन्याबरोबर उतरले. नवा रोल भरताना ओल्या, थरथरत्या हातांमुळे तो कॅमेऱ्यात जाण्याआधीच खराब झाला, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले. त्या सकाळच्या दहा-अकरा फ्रेमच हाती उरल्या. उरलेली फिल्म लंडनच्या डार्करूममध्ये वितळली, ही प्रसिद्ध हकिगत अलीकडच्या अभ्यासकांनी शंकास्पद ठरवली आहे. तो वाद कसाही मिटो, कापांच्या कथनातली एक गोष्ट यंत्राच्या रचनेशी पूर्ण जुळते. कॅमेरा बंद होता तोवर लाटा आणि वाळू यांच्यातही त्याने चित्रे घेतली. प्रश्न उभा राहिला तो फिल्म बदलताना. सांधा उघडायची वेळ छायाचित्रकाराला निवडता येत नाही, फिल्म संपण्यावर ती ठरते. म्हणून अनुभवी मंडळी किनाऱ्यावर जाण्याआधीच नवा रोल भरत आणि अर्धा रोल वाया गेला तरी सुरक्षित जागी तो बदलत. किनाऱ्यावरून परतल्यावरच्या सफाईइतकीच निघण्याआधीची तयारी महत्त्वाची, हा धडा याच काळात पक्का झाला.

मग ज्याने पाणीही आत जाऊ दिले नाही अशा कॅमेऱ्याचे काय? माझ्या मते या सबंध इतिहासातला निर्णायक पुरावा तिथेच आहे. लुई बुताँ यांनी १८९३ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाण्याखाली चित्रे घेतली तेव्हा साधा कॅमेरा धातूच्या जलरोधक पेटीत ठेवला होता. समुद्रसंशोधक झाक कुस्तो यांच्यासाठी बेल्जियन अभियंता झाँ द वूटर्स यांनी १९५० च्या दशकात ‘कॅलिप्सो’ रचला, त्यात वेगळी पेटीच उरली नाही. कॅमेऱ्याचे अंगच जलरोधक केले. निकॉनने तो १९६३ मध्ये ‘निकॉनॉस’ या नावाने आणला आणि पाणबुड्यांबरोबरच किनारे, नौका, पाऊस, चिखल यांत काम करणाऱ्या छायाचित्रकारांनीही तो आपलासा केला. त्याचे सगळे बळ ओ-रिंगमध्ये होते. ओ-रिंग म्हणजे खाचेत बसवलेले रबराचे गोल कडे. दाब पडला की ते दबून फट बुजवते. किनाऱ्यावरून आल्यावर हा कॅमेरा चक्क गोड्या पाण्यात बुडवून धुता येई. पण तो वापरणाऱ्यांना घालून दिलेली दिनचर्या पाहिली की डोळे उघडतात. आधी गोड्या पाण्याने धुवायचे, मग बाहेरून कोरडे करायचे, आणि तोवर उघडायचे नाही. रिंग बोटाने हलकेच काढायची, पुसायची, खाच पुसायची, केस किंवा वाळूचा कण नाही याची नजरेने आणि बोटाने खात्री करायची. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा. जाड थर दिला तर त्यालाच वाळू चिकटते. रिंगखाली एक कण राहिला तरी पाणी आत येते आणि अख्खा कॅमेरा जातो. सर्वांत बंद कॅमेऱ्याने सर्वांत काटेकोर साफसफाई मागितली, आणि चुकीची किंमत एका रोलवरून सबंध यंत्रावर नेली.

याहून टोकाचा दाखला चंद्रावरचा आहे. सर्व्हेअर ३ हे मानवरहित यान एप्रिल १९६७ मध्ये चंद्रावर उतरले. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ त्याच्यापासून दोनशे मीटरांच्या आत उतरले आणि पीट कॉनरॅड व ॲलन बीन यांनी त्या यानाचा टेलिव्हिजन कॅमेरा सोडवून पृथ्वीवर आणला. तपासणीत दिसले की उतरणाऱ्या यानाच्या इंजिनाच्या झोताने उडालेल्या चांद्रधुळीने त्याचा पृष्ठभाग वाळूचा मारा केल्यासारखा खरवडला होता. हवा नसलेल्या जागीही धुळीपासून सुटका नव्हती. पुढे १९७१-७२ मध्ये चांद्रगाडीवर दूरनियंत्रित टेलिव्हिजन कॅमेरा बसवला गेला, तेव्हा गाडी थांबली की लेन्सवरची धूळ हाताने ब्रशने झटकणे हे अंतराळवीरांचे नेमून दिलेले काम होते. त्या काळातल्या सर्वांत खर्चिक मोहिमेच्या आखणीत ब्रशला जागा ठेवावी लागली, हे सांध्यांचे शास्त्र जाणणाऱ्या अभियंत्यांनी स्वतः दिलेले उत्तर आहे.

डिजिटल युगात फिल्म गेली आणि तिच्याबरोबर मागचे झाकण उघडण्याची गरजही गेली. आता तरी प्रश्न सुटायला हवा होता. प्रत्यक्षात तो अधिक चिवट झाला. फिल्मच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रासाठी कोरा पृष्ठभाग पुढे येई. सेन्सर जागचा हलत नाही. लेन्स बदलताना आत गेलेला कण त्यावर बसला की तो साफ होईपर्यंत प्रत्येक चित्रात त्याच जागी ठिपका दिसतो. ऑलिम्पसने २००३ मध्ये ई-१ या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच अतिजलद कंपनाने हलवून धूळ झटकण्याची यंत्रणा आणली आणि पुढे ती कल्पना सर्वत्र पसरली. कोरड्या धुळीवर ती चांगली चालते, पण खाऱ्या तुषाराचा वाळलेला ठिपका कंपनाने निघत नाही. दुसरीकडे खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत लेन्स आत-बाहेर करणाऱ्या नळ्या आल्या. त्यांच्यामधली फट वाळूच्या कणाला सोयीची, आणि कण अडकला की मोटर अडते. पूर्वी पेटी उलटी करून झटकली की जे निभत होते त्यासाठी आता दुरुस्तीच्या दुकानात जावे लागते. एका प्लेटचे नुकसान, एका रोलचे नुकसान, यंत्राचे नुकसान आणि शेवटी प्रत्येक चित्रात दिसणारे नुकसान असा हा प्रवास आहे. पेटी जितकी बंद होत गेली तितका आत शिरलेल्या कणाचा मुक्काम लांबला.

म्हणून किनाऱ्यावरून परतल्यावरच्या सफाईचा जो क्रम जाणकारांच्या हातात बसला आहे, तो दीड शतकाच्या चुकांमधून गाळून आलेला आहे. पहिला नियम, लगेच पुसायचे नाही. कापडाखाली क्वार्ट्झ आला की ते कापड पॉलिश पेपर होते. लेन्सवरचे बहुतेक ओरखडे वाळूने पडत नाहीत, घाईने पुसण्यामुळे पडतात. आधी कॅमेरा बंद ठेवून, लेन्स खाली धरून, रबरी ब्लोअरने हवा मारायची; तोंडाने फुंकर घालायची नाही, कारण तिच्याबरोबर ओलावा जातो. मग मऊ ब्रश, तोही सांध्यापासून बाहेरच्या दिशेने. झूमची किंवा फोकसची रिंग फिरवताना करकर जाणवली तर तिथेच थांबायचे. जोर लावला की कण आणखी आत जातो. कोरडी वाळू पूर्ण गेल्यावरच मिठाकडे वळायचे, आणि इथे एक चूक सर्रास होते. स्पिरिटने मीठ निघेल असे वाटते, पण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, ते पाण्यात विरघळते. म्हणून जो कॅमेरा पाण्यात बुडवता येत नाही त्याचे अंग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या आणि घट्ट पिळलेल्या कापडाने टिपायचे आणि लगेच कोरडे करायचे. बॅटरीचे आणि कार्डाचे झाकण सर्वांत शेवटी उघडायचे. कोकणात आणखी दोन गोष्टी येतात. काळ्या वाळूतला मॅग्नेटाइट लेन्सच्या मोटरमधल्या चुंबकांना आणि फोनच्या स्पीकरला चिकटतो, तो हवेने सहज सुटत नाही, म्हणून तिथे कॅमेरा वाळूवर ठेवायचाच नाही. आणि पावसाळ्यात आर्द्रता मिठाच्या उंबरठ्याच्या वर दिवसेंदिवस राहते, म्हणून उद्या पुसू हे चालत नाही. सफाईनंतर कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवायचा. हे जेल वॉल्टर पॅट्रिक यांच्या १९१९ च्या पेटंटपासून वापरात आले आणि लेन्सवरच्या बुरशीविरुद्ध आजही तो साधा, स्वस्त उपाय आहे.

या मांडणीवर पहिला आक्षेप उघड आहे. आजचे फोन आणि अनेक कॅमेरे धूळरोधक आणि जलरोधक म्हणून प्रमाणित असतात. मग एवढी खटपट कशाला? हा आक्षेप हलका नाही. आधुनिक सीलमुळे असंख्य यंत्रे वाचतात आणि ते नाकारण्याचे काहीच कारण नाही. पण प्रमाणपत्र नेमके काय सांगते ते पाहायला हवे. ‘आयपी’ या खुणेपुढचा पहिला अंक घन कणांविषयी असतो. ६ म्हणजे धूळ आत जात नाही; ५ म्हणजे थोडी धूळ जाऊ शकते, पण कामात अडथळा येण्याइतकी नाही, आणि लेन्स बदलता येणारे प्रमाणित कॅमेरे याच दुसऱ्या वर्गात आढळतात. धुळीची चाचणी शंखजिऱ्याच्या पुडीने होते, आणि शंखजिरे मोसच्या श्रेणीत पहिल्या क्रमांकावर, म्हणजे सर्वांत मऊ. चाचणी शिरकाव मोजते, ओरखडा मोजत नाही. पाण्याची चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही. शिवाय ती नव्या यंत्रावर होते, आणि रबर वयोमानाने कडक होते. म्हणजे समुद्रकिनारा हा प्रमाणपत्राच्या चौकटीबाहेरचाच प्रदेश ठरतो. फोन वाळूतून उचलून पँटला पुसणाऱ्याला हे प्रमाणपत्र काहीच संरक्षण देत नाही, कारण त्याच्या काचेवर घासला जाणारा क्वार्ट्झ बाहेरच असतो.

दुसरा आक्षेप अर्थकारणाचा. वस्तू स्वस्त झाली असेल तर ती जपण्यात वेळ का घालवायचा, असा तो आहे. याचेही ऐतिहासिक उदाहरण आहे. फूजीने १९८६ मध्ये एकदाच वापरायचा फिल्म कॅमेरा आणला. वाळू गेली तरी हरकत नाही, कारण रोल संपला की पेटी दुकानात द्यायची असते. कोडॅकच्या १८८८ च्या कल्पनेचेच हे पुढचे पाऊल, आणि सहलीपुरते ते योग्य उत्तर होते. पण तेवढ्यापुरतेच. जपानमध्येच त्याच दशकात कोनिकाने बांधकामाच्या साइटसाठी ‘गेनबा कान्तोकु’ म्हणजे साइट सुपरवायझर या नावाचा धूळपाणी सोसणारा कॅमेरा काढला, कारण रोज धुळीत काम करणाऱ्याला टाकाऊ पेटी परवडत नव्हती. आपल्याकडे तर हा आक्षेप आणखी कमी लागू पडतो. किनाऱ्यावर पर्यटकांचे फोटो काढून पोट भरणारा फोटोग्राफर, लग्नाआधीच्या जोडप्यांचे शूटिंग करणारा तालुक्याच्या गावातला स्टुडिओवाला, कर्जाने पहिला कॅमेरा घेतलेली विद्यार्थिनी, यांच्यासाठी कॅमेरा हे भांडवल आहे. ज्याला वस्तू बदलणे परवडते त्याच्या सोयीवरून सगळ्यांचा नियम ठरवता येणार नाही. टाकलेल्या यंत्राचा कचरा कुणाच्या तरी गावाजवळ जाऊन पडतो, हेही विसरता येत नाही.

तिसरा आक्षेप असा येऊ शकतो की साफसफाई तज्ज्ञाचे काम आहे; हौशी हाताने केलेली सफाईच जास्त नुकसान करते. यात तथ्य आहे, आणि सेन्सर किंवा लेन्सचा आतला भाग तज्ज्ञाकडेच सोपवावा. मुंबईतल्या बोरा बाजारासारख्या जागी हे कसब अजून जिवंत आहे. पण तज्ज्ञाकडे जाईपर्यंतचे पहिले काही तास वापरणाऱ्याचेच असतात, आणि मीठ व क्वार्ट्झ यांचे बहुतेक काम त्याच तासांत होते. न पुसणे, न फिरवणे, न उघडणे याला तज्ज्ञता लागत नाही, माहिती लागते. ती माहिती ओल्या प्लेटच्या काळात छायाचित्रकाराला आपोआप मिळत होती, कारण यंत्र त्याच्यासमोर उघडे होते. आज यंत्र बंद आहे, म्हणून ती कुणीतरी मुद्दाम द्यावी लागेल.

इथे जबाबदारी एकट्या वापरणाऱ्याची उरत नाही. सांधे कुठे आहेत, कोणत्या सांध्याला सील आहे आणि कोणत्या नाही, सीलचे रबर किती वर्षांनी बदलावे, हे कारखान्यांनी ग्राहकाच्या भाषेत स्पष्ट सांगायला हवे, आणि ते रबर सुटे विकायला हवे. निकॉनॉसच्या मालकाला स्वतःच्या हाताने ओ-रिंग काढता येत होती. आज ती त्याला दिसतही नाही, हा प्रगतीचा अपरिहार्य भाग मानण्याचे कारण नाही. छायाचित्रण शिकवणाऱ्या वर्गांनी शटर आणि ॲपर्चर यांच्याबरोबर पहिल्याच आठवड्यात सफाईचा क्रम शिकवावा. लांबलचक किनारा असलेल्या महाराष्ट्रात आणि गोव्यात तर हा अभ्यासक्रमाचा भाग असायला हवा. कॅमेरा पूर्ण बंद होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण प्रकाश आत घेणारे यंत्र तसे कधीच होणार नाही. सांधा कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याचा कॅमेरा वाळूतही टिकतो, आणि एवढे ज्ञान प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर मिळणे हा तो विकत घेणाऱ्याचा हक्क आहे.